तीन ठोके

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नदीला पूल नव्हता, आणि काठची माणसं कानांच्या भरवशावर जगत होती.

नदीच्या वरच्या अंगाला एक मोठा तलाव होता. तो भरला की त्याची दारं उघडावी लागत, आणि नदीला लोंढा येई. दारं उघडण्याआधी टेकडीवरचा म्हातारा नगारची तीन सावकाश ठोके देई. ते ऐकले की बारा गावांतली माणसं गुरं घेऊन वर चढत. त्याच्या आज्यापासून हीच खूण चालत आली होती.

नदीच्या पात्रात, वाळूवर, कलिंगडाच्या वाड्या करणारी दहा-बारा घरंही होती. उन्हाळाभर ती तिथेच झोपड्या घालून राहत. म्हाताऱ्याची एकुलती एक लेक सगुणी तिथेच दिली होती. बाजाराच्या दिवशी ती बापाला कलिंगड घेऊन येई आणि चिडवी, “बाबा, तुमचा तिसरा ठोका हल्ली उशिरा पडतो. दमलात वाटतं?”

“तुला कलिंगडं सोडवत नाहीत ना, म्हणून वेळ देतो,” म्हातारा म्हणे.

पुढे राज्यात नवे दिवाणजी आले. माणूस हुशार होता. आग लागली तर एक खूण, चोर आले तर दुसरी, अशी त्यांनी नगाऱ्याची नवी रीत बांधली. रीत चांगली होती. म्हाताऱ्यालाही ती पटली.

“आणि पाणी सोडताना न थांबता दणदणाट करायचा,” दिवाणजी म्हणाले. “तीन ठोके आता महाराजांच्या स्वारीसाठी. ते ऐकले की लोकांनी खाली घाटावर जमायचं.”

म्हातारा चपापला. “दिवाणजी, तीन ठोके तेवढे नका घेऊ. वर्षभर दोन्ही खुणा वाजवतो. आधी जुनी, मग नवी. माझे हात दुखले तर दुखू देत.”

“दोन दोन खुणा? लोक हसतील. आणि तीन ठोके भारदस्त वाटतात. पाण्याला कशाला एवढा मान? दवंडी बाराही गावांत फिरली आहे.”

“वाळूतही फिरली का?”

“वाळू हे काय गाव आहे?” दिवाणजी हसले.

म्हाताऱ्याने लेकीकडे जायला रजा मागितली. नगारा सोडून कसं चालेल, म्हणून ती मिळाली नाही. चार दिवसांनी बाजार होता. सगुणी येईल, तेव्हा सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं.

तिसऱ्याच दिवशी दुपारी वरच्या डोंगरात वळीव कोसळला. तलाव काठोकाठ भरला. दारं उघडायचा हुकूम आला.

म्हाताऱ्याने दणदणाट सुरू केला. बारा गावांतली माणसं भराभर वर चढू लागली. वाळूतली माणसं मात्र हलली नाहीत. नगारा असा वाजताना त्यांनी कधी ऐकला नव्हता. कुणाच्या घरी लग्न असेल, असं त्यांना वाटलं. पोरं तर नाचायलाच लागली. सगुणीने वेलांतून मान वर काढली आणि टेकडीकडे हात हलवला.

म्हाताऱ्याने ते पाहिलं. जुन्या तीन ठोक्यांसाठी त्याने टिपरू उचललं. आणि तसंच धरून ठेवलं. ते ठोके पडले असते, तर वर चढलेली बारा गावं राजाला बघायला खाली घाटावर धावली असती.

तो ओरडला. आवाज अर्ध्या वाटेतच विरला. मग त्याने डोळे मिटले आणि दणदणाट चालू ठेवला. डोळे उघडले तेव्हा पात्रात वाळू नव्हती. पाण्यावर कलिंगडं तरंगत होती.

दुसऱ्या दिवशी राजा आला. दिवाणजी पुढे होऊन म्हणाले, “महाराज, नवी रीत खरी ठरली. बारा गावांत कुणाला ओरखडाही आला नाही.”

म्हाताऱ्याने दोन्ही टिपरं राजाच्या पायांशी ठेवली. “खरं आहे, महाराज,” तो म्हणाला. “माझी लेक जुनीच खूण ऐकायला थांबली होती.”

राजाने मान खाली घातली. तीन ठोके पुन्हा पाण्याचे झाले. पण ते ऐकायला वाळूत कुणी उरलं नव्हतं, आणि म्हाताऱ्याने नगाऱ्याला पुन्हा हात लावला नाही.

नवी खूण खुशाल आणावी, पण जुनीच्या भरवशावर जगणारा शेवटचा माणूस नवी शिकेपर्यंत जुनीचा अर्थ बदलू नये.