वस्तादाचं स्टूल

“पण आता गाडीत राहिलंय तरी काय, वस्ताद?”

शार्दूल सरनोबत हे आठवड्यात पाचव्यांदा विचारत होता.

बाबालाल वस्ताद चहात बटर बुडवत बसले होते. बटर भिजलं, तोंडात गेलं, सावकाश खाली उतरलं. त्यांनी दुसरं उचललं.

“वस्ताद, मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकाय आलं की. पण बटर कडक हाय. एका टायमाला एकच काम हुतंय माझ्यानं.”

कोल्हापुरात वस्ताद दोन ठिकाणी सापडतात. एक तालमीत, दुसरा गॅरेजात. तालमीतला अंगाला माती लावतो, गॅरेजातला ग्रीस. समोरच्याला चितपट करायची हौस दोघांची सारखीच.

बाबालाल शिकलगार गॅरेजातले. वय बहात्तर. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या सायकलची चेन वेळोवेळी बसवून दिली म्हणून पार पडलेली. पण चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून, मूठ कानाला लावून हा माणूस डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “तीन नंबर कुरकुरतोय.” इंजिन खोलावं तर तीन नंबरचाच व्हॉल्व्ह जळलेला. उद्यमनगरातले भलेभले कारखानदार तेवढ्यापुरते गप्प बसत. एरवी ते गप्प बसत नाहीत.

शार्दूल मात्र शिकून आलेला. जर्मनीत गाड्यांचं शिक्षण, तिथंच पाच वर्षं नोकरी. येताना तो डिग्री घेऊन आला, लॅपटॉप घेऊन आला आणि दर वाक्याला एक ‘ॲक्च्युअली’ घेऊन आला. ‘ॲक्च्युअली’ वस्तादांनी पहिल्या महिन्यातच काढून टाकलं. तो बोलला की वस्ताद विचारायचे, “ही कुटल्या साइजची असतीया रं?”

आणि गाडी? परदेशी, दोन दारांची, लाल आणि इतकी बुटकी की आत शिरायचं तर माणसाला आधी वाकून नमस्कार घालावा लागे. शार्दूलचे वडील, आबा सरनोबत, तरुणपणी हिला घाटातल्या शर्यतींत पळवायचे. पुढं आबांचा संसार वाढला आणि गाडी शेतातल्या पोल्ट्रीच्या शेडात गेली. सव्वीस वर्षं तिथंच उभी. मागच्या सीटवर कोंबड्यांच्या कैक पिढ्या उबवून निघाल्या. वायरी उंदरांनी खाल्ल्या आणि एअर फिल्टरमध्ये बाळंतपणं केली. शेडातून ओढून आणली तेव्हा बघणारे म्हणाले, हिला भंगारवालापण तोंड वाकडं करून घेईल.

त्या भंगाराची शार्दूलने वस्तादांच्या गॅरेजात सात महिन्यांत परत गाडी केली. आपल्या हातानं, बरं का.

पिस्टन आतच धरून बसले होते. त्यांच्यावर डिझेल आणि ऑइल ओतून तो नऊ दिवस वाट बघत बसला, आणि दहाव्या दिवशी ते हलले तेव्हा लहान पोरासारखा ओरडला. पेट्रोलच्या टाकीत खडी घालून तिला खुळखुळ्यासारखी हलवून आतला गंज काढला. दोन्ही कार्ब्युरेटरचा मेळ लॅपटॉपवर बसेना, तेव्हा वस्तादांनी त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. कानानं बसला. पहिल्या दिवशी हा गडी पांढरे हातमोजे घालून आला होता. सातव्या महिन्यात त्याच्या नखांतलं काळं आईनं लिंबानं घासलं तरी निघेना.

वस्तादांनी पान्याला हात लावला नाही. सांगायचे, तेही अर्धं. एकदा कधीतरी पुढच्या चाकामागं हात घालून चाचपलं होतं, तेवढंच. हात पुसला आणि चहा मागवला.

आता घाई कशाची, तर रविवारची. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढा महिना काय ती दिवसाउजेडी चालवा, पुढं स्टिअरिंगला हात नाही. आबांनी मुलाकडे एकच मागितलं होतं. ह्याच गाडीतून एकदा पन्हाळा चढायचा. आणि उतरायचा.

आज शुक्रवार होता.

“गाडी चालू होते, वळते, थांबते,” शार्दूल म्हणाला. “आबा सकाळपासून फोन करतायत. मी त्यांना काय सांगू?”

वस्तादांनी कपाची बशी केली, बशीचा आवाज केला आणि उठले.

“चल. स्टूल घेतो.”

ह्या गॅरेजातून गाडी बाहेर पडायची एक रीत होती. वस्ताद आपलं बाभळीचं तिपाई स्टूल घ्यायचे, गावाबाहेर बंद पडलेल्या सूतगिरणीच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर जायचे, ते मधोमध मांडायचे आणि त्यावर बसायचे. ज्यानं गाडी केली त्यानं साठच्या वेगानं त्यांच्या अंगावर यायचं आणि स्टुलापुढं थांबायचं. थांबली की गाडी पास. त्यांचे जुने चेले आज मोठमोठ्या गॅरेजांचे मालक आहेत, एसीत बसतात. पण स्टुलाचं नाव काढा, एसीतसुद्धा त्यांच्या तळहाताला घाम सुटतो.

“वस्ताद, ही सर्कस कशाला?” शार्दूल म्हणाला. “यार्डात चाळीस वेळा ब्रेक लावून बघितलाय. लॅपटॉपवर आकडे आहेत.”

“यार्डात कोंबडीपण थांबतीया. आणि आकड्यांवर एवढा जीव आसंल तर लॅपटॉपला बसव स्टुलावर.”

शार्दूलने गाडीची किल्ली उचलली.

सूतगिरणीचा रस्ता. दोन्हीकडं ऊस, वर लख्ख ऊन. वस्तादांनी स्टूल मांडलं, हातानं हलवून बघितलं, बूड टेकलं आणि खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या. लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे निवांत.

शार्दूल गाडी घेऊन लांब गेला. वळवली. समोर रस्त्याच्या टोकाला तेवढासा ठिपका. पांढरी टोपी.

त्यानं गाडी सोडली.

आणि काय आवाज, काय आवाज! सव्वीस वर्षं गप्प बसवलेली बाई ती. आधी घसा खाकरल्यासारखी, मग भरून आल्यासारखी, आणि मग अशी मोकळी गायला लागली की उसातले बगळे उठले. दुसरा, तिसरा, चौथा गिअर लोण्यासारखा. शार्दूलच्या छातीत काहीतरी फुगून आलं. हे आपण केलं... हे आपल्या हातांनी केलं.

काटा साठवर टेकला. ठिपक्याचा माणूस झाला. माणसाला मिशा आल्या.

शार्दूलचा पाय आपोआप उचलला गेला. गाडी हळूहळू मंदावली आणि वस्तादांपासून ऐंशी पावलांवर येऊन, पाहुण्यासारखी, अलगद उभी राहिली.

“का रं?” वस्ताद ओरडले. “म्हस आडवी आली?”

“नाही... इंजिनाचा आवाज ऐकत होतो.”

“ऐक, ऐक. मी हाय हितंच.”

तो परत मागं गेला. परत आला. ह्या वेळी दीडशे पावलांवरच थांबला.

“आरं, तू तर मागंच सरकाय लागलास!” वस्तादांनी शेंग फोडली. “दिवस मावळंस्तवर कागलला पोचशील!”

शार्दूल हसला नाही.

तिसऱ्यांदा तो रस्त्याच्या टोकाला गेला आणि गाडी वळवून नुसताच बसून राहिला. इंजिन चालू होतं. पाय ब्रेकवर होता. त्यानं हळूच दाबून बघितला. कडक लागला, चांगला लागला. जोरात दाबायला मात्र पाय धजेना.

समोर पांढरी टोपी होती.

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. उसाच्या पाल्याची सळसळ तेवढी राहिली.

तो खाली उतरला आणि एवढा लांब रस्ता चालत आला.

“वस्ताद, तुम्ही उठा तिथून.”

“का? हवा चांगली हाय.”

“उठा म्हणतोय ना!”

वस्ताद उठले नाहीत. त्यांनी नुसतं वर बघितलं.

“पुढच्या चाकांच्या ब्रेकचे पाइप...” शार्दूल थांबला.

“कंचे?”

“रबराचे. तेलाचा सगळा जोर ज्यातून चाकापर्यंत जातो ते. ते जुनेच आहेत. गाडी कारखान्यातून आली तेव्हाचे.”

“बरं.”

“मी बाकी सगळं बदललं. पण त्या पाइपांवर कारखान्याचा शिक्का आहे. बारीक, पांढऱ्या अक्षरांत. तसा आता जगात कुठं मिळत नाही. जुन्या गाड्यांच्या आमच्या ग्रुपवर पहिला प्रश्न तोच असतो, ओरिजिनल आहे का? शिक्का बघितला आणि मला... मोह झाला. टूथब्रशनं घासले, चकचकीत केले आणि परत लावले. ग्रुपवर फोटो टाकला.”

“लोकं काय म्हणाली?”

“दोनशे लोकांनी अंगठा दाखवला.”

“मग झालं की. वरनं नवं दिसत्यात?”

“वरून दिसतात.”

“आणि आतनं?”

“आत काय झालंय मला माहीत नाही. हळू दाबला तर थांबते. पण वेगात असताना जीव खाऊन दाबला, तर फुटतील की टिकतील...”

“म्हाईत न्हाई, का बघितलं न्हाईस?”

ऊन टाळूवर होतं. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

“बघितलं नाही,” शार्दूल म्हणाला. “बघितलं असतं तर काढून टाकावे लागले असते.”

हे बोलला आणि त्याच्या डोळ्यांपुढं पन्हाळ्याचा उतार आला. उताराचं वळण आलं. कठडा आला. आणि स्टिअरिंगवरचे आबांचे हात आले, शिरा वर आलेले. सव्वीस वर्षांनी भेटलेल्या गाडीला आबा काय हळू चालवणार होते? आबा कुठलीच गोष्ट आयुष्यात हळू करायला शिकले नव्हते.

“परवा आबा असते, वस्ताद.”

तो मटकन रस्त्यावरच बसला. जर्मनीत शिकलेला माणूस, कोल्हापूरच्या धुळीत, स्टुलाच्या पायाशी.

वस्तादांनी सदऱ्यात हात घातला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

शार्दूलने ती सोडली. आत दोन नवे पाइप होते. बरोबर मापाचे, बरोबर आट्यांचे. कुठंच शिक्का नव्हता.

त्यानं पाइप बघितले. मग कागद बघितला. सवयीनं वरची तारीख वाचली.

तारीख दीड महिन्यापूर्वीची होती.

“तुम्हाला... माहीत होतं?”

“चाकामागं हात घातला हुता की. रबर बोटाला कळतंय. बोटाला अंगठा दावाय येत न्हाई, एवढंच.”

“मग बोलला का नाहीत?”

वस्तादांनी एक शेंग निवडली. हलवून बघितली. दाणा नसलेली निघाली, फेकून दिली.

“दीड महिना माहीत होतं,” शार्दूलचा आवाज चढला, “आणि तरी आज माझ्यासमोर स्टुलावर बसलात? मी आलो असतो तर? ॲक्सिलरेटरवर पाय तसाच दाबून ठेवून आलो असतो तर?”

“शेंगा खा.”

“वस्ताद!”

“भाजल्याल्या हाइत. खा.”

त्यानं खाल्ल्या. काय करणार? टरफलं नीट एका बाजूला ठेवली. गॅरेजात कचरा केला की वस्ताद रागवायचे, ती सवय. लांब, रस्त्याच्या टोकाला, लाल गाडी उन्हात उभी होती, आणि काय देखणी दिसत होती! नजर लागेल अशी. शार्दूलने तिच्याकडं बघितलं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच फोटो काढायला त्याचा हात खिशाकडं गेला नाही.

खिशातला फोन मात्र वाजला.

आबा. सकाळपासून सहाव्यांदा.

शार्दूल स्क्रीनकडं बघत राहिला. फोन वाजतच होता.

“काय सांगू त्यांना?” त्यानं विचारलं. आवाज पार खाली आलेला. “एवढं सगळं केलं, आणि ब्रेकमध्येच माती खाल्ली, असं सांगू?”

वस्ताद गुडघ्यावर हात देऊन उठले. स्टूल काखेत मारलं. शार्दूलच्या खांद्यावर, ग्रीसनं काळ्या झालेल्या शर्टावर, हात ठेवला आणि गाडीच्या दिशेनं चालायला लागले.

“सांग, ब्रेकचं काम आज झालं म्हणावं. पाइप काय... उद्या बदलू.”