चिंचेखालचं माप

"मग बाबा, आता तरी म्हणाल ना, झालं तुझं काम?"

सिद्राम विचारत होता. दर्याशाबाबा ओट्यावर बसून सुपातल्या शेंगा सोलत होते.

आमच्या दर्ग्याच्या डोक्यावरून विमानं उतरतात. सिद्राम इथलाच, बाबांच्या पायाशी वाढलेला. पोरवयात याच ओट्यावर बोलला होता, हा आवाज मी कमी करीन. शिकला, इंजिनांच्या कारखान्यात त्याच कामाला लागला. आता आला तो आवाज मोजायचं यंत्र हातात घेऊनच.

"दहा डेसिबल उतरवला, बाबा. कानाला निम्मा. आजवर कुणाला जमलं नव्हतं."

"निम्मा! बरं झालं की."

"साहेब म्हणतात, एवढं पुरे. मीही दमलो. तुम्ही म्हणा, झालं तुझं काम... की सोडलं मी."

"म्हणतो की. त्यात काय. रशीदा, चहात..."

विमान आलं. बाबा थांबले. चुलीपाशी रशीदाबीही थांबली, डबा हातात धरून. आमच्याकडं असंच. विमान आलं की बोलणारा थांबतो, गेलं की तिथूनच पुढं.

"...गूळ घाल, साखर नको."

सिद्रामनं यंत्र पुढं केलं. "आकडा बघा! हे माझ्या नव्या इंजिनाचं होतं."

"हो का? मग मी कशाला थांबलो रे?"

"जुनी सवय तुमची."

"असेल बाबा. म्हातारा माणूस..."

बाबांनी सूप बाजूला सारलं.

"जा, त्या चिंचेखाली उभा राहा. तुला हवं ते सांगतो."

सिद्राम गेला. चिंच काही लांब नाही. एरवी ओट्यावरचं साधं बोलणंही तिथं ऐकू जातं.

बाबा आभाळाकडं बघत बसले.

पुढचं विमान आलं. सिद्रामनं खुशीनं यंत्र उंच धरलं, म्हणजे नवंच इंजिन.

या वेळी बाबा थांबले नाहीत. त्यांचे ओठ हलले. सावकाश, रोज बोलतात तसेच.

विमान गेलं. सिद्राम धावत आला.

"काय म्हणालात?"

"तुला हवं होतं तेच."

"मला ऐकू नाही आलं, बाबा!"



सिद्राम यंत्राकडं बघत राहिला. मग त्यानं ते पिशवीत घातलं, पिशवी खांद्याला अडकवली.

"अरे, चहा तरी घे," रशीदाबी म्हणाली.

"पुढच्या खेपेला, मावशी. काम राहिलंय."

फाटकापाशी तो वळला.

"बाबा, पुन्हा म्हणाल ना?"

बाबांनी सूप पुढं ओढलं.

"दर खेपेला म्हणेन, लेका. विमान डोक्यावर आलं की."