बाबांच्या आवाजातलं यंत्र

“पण यात फसवणूक कुठं आली, ताई? तेवढं सांग.”

वैजनाथने पुन्हा तेच विचारलं. प्रयागताईने सोललेले तुरीचे दाणे सुपात टाकले आणि त्याच्याकडे पाहिलं.

“आवाज बाबांचा. बोलणारं मात्र कुणीच नाही. याला फसवणूक नाही म्हणायचं, तर काय आरती म्हणायची?”

बालाघाटच्या डोंगरातला छोटासा मठ. ओसरीवर सकाळचं ऊन आलं होतं. खांबाला टेकून विश्वंभरबाबा बसले होते आणि तेही शेंगा सोलत होते. हे भांडण त्यांच्या कानावर पडत होतं की नव्हतं, कळायला मार्ग नव्हता.

वैजनाथ पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. हुशार होता, आणि ते त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. प्रयागताई तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. वादात कधीकधी हरायचंही असतं, हे तिला कुणी शिकवलेलं दिसत नव्हतं.

दोघं बाबांचे शिष्य. सख्खे नसले तरी सख्ख्यासारखे बहीणभाऊ. यंदा मात्र भाऊबीजेला तो तिच्याकडे गेला नाही आणि तिनेही बोलावलं नाही. कारण हे यंत्र.

बाबांची छाती आता साथ देत नव्हती. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं. तेव्हा वैजनाथने बाबांची जुनी रेकॉर्डिंग गोळा केली आणि सगळी एका यंत्राला ऐकवली. आता ते यंत्र बाबांच्या आवाजात बोलायचं. काहीही विचारा, उत्तर हजर. बाबांनी हो म्हटलं की ते मठात बसवायचं. म्हणजे मग उद्या बाबा…

हे वाक्य वैजनाथ कधीच पुरं करत नसे.

“पोथी वाचतेस ना रोज?” तो म्हणाला. “लिहिणारा समोर असतो का?”

“पोथी म्हणत नाही, मी जिवंत आहे.”

“सुरीनं बोट कापतं म्हणून कुणी भाजी चिरायची सोडतं का?”

“उद्या निवडणुकीत कुणी याच आवाजात मत मागितलं तर? लोक देतील. बाबांनी सांगितलं म्हणून डोळे झाकून देतील. तेव्हा तुझी सुरी कुणाच्या हातात असेल?”

“त्याला कुलूप घालता येतं.”

“कुलूप सावासाठी असतं रे. चोरासाठी नसतं.”

वैजनाथ वैतागला. बाबांकडे वळला.

“तुम्हीच सांगा, बाबा. बरोबर कोण?”

बाबांनी एक शेंग सोलली. आत कीड निघाली. ती त्यांनी अंगणात टाकली.

“आधी ऐकू तर दे.”

वैजनाथने फोनवर यंत्र सुरू केलं आणि फोन पायरीवर ठेवला. बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले, सावकाश चालत आले, फोनसमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

प्रयागताईला ते बघवेना.

“महाराज,” बाबा फोनला म्हणाले, “राग लई येतो बघा. काय करावं?”

फोन लगेच बोलला. हुबेहूब बाबा.

“रागाला दारात उभं करावं. पाणी द्यावं. घरात घेऊ नये.”

बाबांचा चेहरा खुलला. “अगं प्रयाग, हा तर माझ्यापरीस बरा बोलायलाय! खोकत बी नाही.”

“खोकला काढून टाकला, बाबा,” वैजनाथ फुशारून म्हणाला.

“आणिक काय काढलंस?”

“अडखळणं. मधलं थांबणं. आणि…”

“आणि?”

“प्रत्येक गोष्ट सांगताना तुम्ही आधी म्हणता ना, ‘आमचे दादा म्हणायचे’. तेच ते सारखं यायचं. यंत्राचा गोंधळ व्हायला लागला. मग ते सगळीकडून कापलं.”

बाबांनी जोडलेले हात खाली घेतले.

दादा म्हणजे बाबांचे गुरू. या मठाची रीतच अशी, की गुरूचं वाक्य गुरूचं नाव घेतल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. बाबा तर त्यातही पुढचे. चहात साखर किती घालावी, हेसुद्धा ते दादांच्या नावावर सांगायचे.

“दादांनाच कापलंस होय रे?” बाबा म्हणाले.

ते रागावले नव्हते. रागावले असते तर वैजनाथला बरं वाटलं असतं.

“बघ!” प्रयागताई उसळली. “मी काय कंठशोष करत होते इतके दिवस?”

“तू कामून नाचायलीस, पोरी?” बाबांनी मान वळवली. “पवनचक्क्यांसाठी ग्रामसभा झाली म्हणं परवा.”

“झाली.”

“मी काय बोललो तिथं?”

ताईचे हात थांबले.

“तुम्ही… पवनचक्क्या नकोत म्हणालात. म्हणजे, मी तसं सांगितलं. बाबांचं म्हणणं आहे, म्हणून.”

“मी तर इथंच बसून होतो.”

“तुम्ही तेच म्हणाला असता, बाबा!”

वैजनाथ फसकन हसला. “ताई, माझं यंत्र दुसरं काय करतंय गं?”

तिने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. वटारलेले डोळे फार वेळ टिकले नाहीत. तिलाही हसू फुटलं, आणि मग दोघंही पोट धरून हसली. किती महिन्यांनी दोघांना एकच गोष्ट पटली होती.

बाबा त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिले.

“दादांचा आवाज कसा होता, ठावं हाय?”

“नाही,” वैजनाथ म्हणाला. ताईनेही मान हलवली.

“मला बी आता आठवत नाही.”

हसू जिथल्या तिथे विरलं.

“तेच तर मला नकोय!” वैजनाथ एकदम ओरडला. मठात इतक्या मोठ्याने कुणी बोलत नसे. “मी तुमचा आवाज विसरेन, हे मला नकोय, बाबा. मठासाठी, लोकांसाठी, हे सगळं बोलायला ठीक आहे. खरं सांगायचं तर हे मी माझ्यासाठी केलंय. तुम्ही गेल्यावर मी कुणाला विचारू?”

प्रयागताईने सूप बाजूला सारलं. सरकत त्याच्याजवळ आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिलाही तीच भीती होती. तिने ती फसवणुकीच्या आणि निवडणुकीच्या भाषेत मांडली होती, एवढंच.

बाबांना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ चालली. ताईने पाणी दिलं, ते प्यायले, तोंड पुसलं.

“यंत्र ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “चांगलं हाय. लांबची माणसं हायेत, अंथरुणाला खिळलेली हायेत, त्यांना ऐकाया येईल. फकस्त माझा आवाज काढ.”

“मग कुणाचा घालू?”

“तुझा घाल. प्रयागचा घाल.”

“आमचा?” दोघं एकदमच म्हणाली.

“आता बोल बरं. ते रागाचंच बोल.”

वैजनाथने फोन हातात घेतला. घसा खाकरला. मोठमोठ्या सभांमध्ये तास तास बोलणारा माणूस, पण रेकॉर्डिंगचं बटणच त्याला दोनदा चुकलं.

“आमचे बाबा म्हणतात… रागाला दारात उभं करावं. पाणी द्यावं. घरात…”

तो थांबला. शेजारी ताई बसली होती. भाऊबीजेला तिचं ओवाळणीचं ताट तसंच राहिलं असणार, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले.

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडला.

“नाही जमत, बाबा,” त्याने फोन खाली ठेवला. “माझ्या तोंडी हे खोटं वाटतंय.”

बाबांनी हात लांब करून सूप स्वतःकडे ओढलं.

“वाटू दे की, लेकरा. दादांचं माझ्या तोंडी बी लई वर्षं खोटंच वाटायचं.”