उभ्या जीपची बॅटरी

डोंगरातल्या एका गावात सगळ्यांना मिळून एकच जीप होती, त्या काळातली ही गोष्ट. जीपचे मालक हैबतराव लेकीकडे राहायला गेले आणि जीप छपराखाली उभी राहिली.

"सुटलो एकदाचे!" चाकं म्हणाली आणि सुस्तावली. बॅटरीला मात्र चैन पडेना. चालकाच्या समोर बसवलेलं जीपमधलं घड्याळ तिच्याकडून थोडी थोडी वीज घेतच होतं.

"अरे, जरा थांब ना," ती म्हणाली.

"एवढ्याशा घोटाने काय होतंय? रस्त्यावर कधी कुरकुरली नाहीस!"

"तेव्हा इंजिन मला पुन्हा भरत होतं." तिने इंजिनाला हाक मारली, "ऊठ रे, एक फेरी तरी मारू."

"मालकांशिवाय कसं उठू?" इंजिन म्हणालं.

बॅटरी रोज पावलांची चाहूल घेत राहिली आणि खंगत गेली.

हैबतराव परतले त्याच दुपारी शेजारची सगुणा बाळंतपणात अडली. तिला जीपमध्ये बसवून त्यांनी किल्ली फिरवली. बॅटरीने होता नव्हता तेवढा जीव एकवटला, पण नुसतं टक्क झालं.

"अहो, काहीतरी करा!" सगुणाची सासू रडू लागली.

सारं गाव धावलं. जीप उतारावर ढकलली, तेव्हा कुठे इंजिन धडधडलं आणि बॅटरीत धुगधुगी आली.

दवाखान्याच्या दारात हैबतरावांनी इंजिन बंद केलं नाही. थोड्या वेळाने आतून बाळाचं रडणं ऐकू आलं.

घड्याळ ओशाळून म्हणालं, "आता तरी निवांत पडशील?"

"नको रे," बॅटरी म्हणाली, "परत जाताना लांबच्या रस्त्याने जाऊ या."