चवरीची जट

पूर्वी शैलवती नगरीत महासाल राजाचे राज्य होते, आणि त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या लोकर पिंजणाऱ्यांच्या आळीत राहत होता. या जन्मी त्याचे नाव ऊर्णक होते. मेंढपाळ लोकर आणून टाकीत, ती तो फणीने विंचरी, पिंजून मोकळी करी आणि तिचे बुरणूस करी. बुरणूस म्हणजे न विणलेली बैठक. लोकर पसरायची, पाणी शिंपडायचे, मग मळायची, दाबायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा मळायची. असे पुरेसे केले की केस केसात असा रुततो की मग तो कोणाच्या बापाला वेगळा करता येत नाही. बोधिसत्त्वाला हे काम मनापासून आवडे.

राजा महासाल आणि राणी सुयामा यांना एकच मुलगी होती, मंदारिका. उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांनी तिला एक कुत्री भेट दिली होती. कुत्री मांजराएवढी, पण केस जमिनीला टेकणारे, पांढरे आणि रेशमासारखे मऊ. देवापुढे ढाळायच्या चवरीसारखी दिसते म्हणून मुलीने तिचे नाव चवरी ठेवले. रोज संध्याकाळी मंदारिका चवरीला मांडीवर घेऊन विंचरीत बसे. हे काम ती दासींना करू देत नसे.

नवव्या वर्षी मंदारिकेला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली.

राणीने अन्न सोडले. ती रडली नाही, बोलली नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चवरी मुलीच्या रिकाम्या बिछान्यावर पडून असे. तिला विंचरण्याचे कोणाला सुचले नाही, आणि ज्यांना सुचले त्यांचा हात धजला नाही. अकराव्या दिवशी राणीची म्हातारी दाई वसुला कुत्रीला उचलायला गेली, तेव्हा तिला डाव्या कानामागे केसांचा एक घट्ट गोळा लागला.

आता त्या नगरीची एक रीत सांगायला हवी. बाईच्या केसांत गुंता होऊन तो सुटेनासा झाला की तिथे त्याला गुंता म्हणत नसत, जट म्हणत. जट म्हणजे देवीचे बोलावणे. जटेला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही, हळदकुंकू वाहून तिच्या पाया पडायचे. शब्द एवढासाच, पण त्यापायी कित्येक बायकांच्या माना जन्मभर वाकल्या होत्या.

वसुला कुत्रीला घेऊन राणीच्या उशाशी गेली. "देवी, उठा. चवरीला जट आली. आपली मंदा परत आली हो."

राणीने तोंड वळवले. तो गोळा चाचपला, कपाळाला लावला. त्या दुपारी तिने पेज मागितली.

दाईच्या मनात कपट नव्हते. तिला राणीला जेवू घालायचे होते, आणि हाताशी जे सापडले ते तिने वाढले. पण राजवाड्यात एकदा गोष्ट सुरू झाली की ती वाढवायला माणसांची वानवा नसते. चवरीसाठी चौरंग मांडला गेला. रोज सकाळी तिला दुधापाण्याने न्हाऊ घालू लागले. मग जाड वस्त्राने चोळून पुसायचे, तेल लावायचे, वर हळद आणि बुक्का. तीन महिन्यांत जटा कानांमागून गळ्याखाली आल्या, काखांत गेल्या, पोटावरून मागच्या पायांपर्यंत पोचल्या. कुत्री लहान लहान पावले टाकू लागली, तर लोक म्हणाले, पालखी चालते तशी चालते. हात लावला की गुरगुरू लागली, तर म्हणाले, कोप आहे. खाईनाशी झाली, तर म्हणाले, उपास धरला आहे. राजाने दवंडी पिटवली की या जटेला जो पाते लावील त्याचा अंगठा जाईल.

याच सुमारास चौरंगावर घालायला बुरणूस हवा म्हणून बोधिसत्त्वाला बोलावणे आले.

माप घेण्यासाठी तो चौरंगाशी बसला. चवरीने त्याच्याकडे पाहिले, पण तिला मान वळवता आली नाही, नुसते डोळे फिरले. बोधिसत्त्वाच्या नाकाला चंदनाच्या वासाखालून दुसरा एक वास आला. ओल्या लोकरीच्या ढिगात मेलेला उंदीर राहिला की येतो तसा. त्याने एका जटेवरून बोट फिरवले आणि त्याला कळले. हे तो रोज स्वतःच्या हाताने करीत होता.

त्याचे तोंड पाहून तिथेच उभ्या असलेल्या राजाने त्याला खांबाआड नेले. "ती जट नाही, हे मला कळत नाही असं वाटतं का तुला? शिकारीची कुत्री पाळण्यात हयात गेली माझी."

"मग, महाराज?"

"अकरा दिवस राणी जेवली नव्हती. जट आली त्या दिवशी जेवली. तुझं काम बैठकीचं. ती कर अन् जा."

बोधिसत्त्व घरी आला. लोकर पुढ्यात घेऊन बसला, पण हात चालेना. त्याची बायको चित्रा समोर पिंजत होती. तिने विचारले, "काय झालं?"

"ती कुत्री जिवंतपणी बुरणुसात शिवली गेली आहे. आतून सडते आहे. पंधरा दिवस काढील, फार तर."

"आणि तुम्ही बोललात तर राणी मरेल."

"कुत्री मेल्यावर काय होईल? राणीची मुलगी दुसऱ्यांदा मरेल. आणि या खेपेला राणीच्याच हातून."

चित्रा बराच वेळ पिंजत राहिली. मग म्हणाली, "दवंडी मीही ऐकली आहे." पण तिने त्याला अडवले नाही.

बुरणूस तयार झाल्यावर बोधिसत्त्व तो घेऊन थेट राणीपुढे गेला. राजा तिथेच बसला होता. राणीशेजारी चौरंगावर चवरी होती, दाई दारात उभी होती.

"देवी," तो म्हणाला, "एकदा डोळे मिटून या बैठकीवर हात ठेवा. आता दुसरा हात चवरीच्या पोटावर ठेवा."

राणीने तसे केले. एका हाताखाली बुरणूस होता, दुसऱ्या हाताखाली जट. तिची बोटे एकीकडून दुसरीकडे गेली, परत आली. तिला फरक सापडेना.

"ही जट नाही, देवी. हा बुरणूस आहे. लोकर भिजवून चोळली की होतो. मी घरी करतो, तुम्ही इथं केलात. आता याच्याखाली हात घाला."

राणीने काखेत बोटे सरकवली. चवरी कळवळली. बोटे बाहेर आली ती पिवळ्या पाण्याने भिजलेली, आणि त्यांना तो वास होता.

"हे मी केलं?" राणीने विचारले.

"पाण्यानं केलं. तुम्हाला माहीत नव्हतं."

दाईने दाराची चौकट धरली. "मी खोटं बोलले, देवी. तुम्ही चार घास खावेत म्हणून." राणीने तिच्याकडे पाहिले नाही. राजा उठून उभा राहिला होता. राणीने तो वासाचा हात त्याच्यापुढे धरला, आणि तो पुन्हा खाली बसला.

"सुटेल?" राणीने बोधिसत्त्वाला विचारले.

"बरंचसं सुटेल. दुखेल. काखेत पातं लावावं लागेल."

"लाव."

दुसऱ्या दिवसापासून त्याने काम सुरू केले. पहिली गोष्ट म्हणजे पाणी बंद. ओला गुंता आवळतो, कोरडा सुटतो. जटांवर तांदळाचे पीठ भुरभुरून त्याने तेलाचा चिकटा टिपून घेतला. मग केस मुळाशी दोन बोटांत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ कातड्याला लागत नाही, आणि टोकाकडून थोडे थोडे उकलत यायचे. घाई करणारा मुळापासून सुरुवात करतो आणि जनावराला रडवतो. जिथे बोटे चालत नव्हती तिथे लाकडी सुई. काखेत सुईही शिरेना, तेव्हा त्याने लहान पाते घेतले, धार कातड्यापासून बाहेर ठेवली आणि जट उभी चिरली. राजा दारातून पाहत होता. ते पाते त्याने पाहिले.

मुळाशी केस धरायचे काम राणी करीत होती. चवरी कण्हली की दोघे थांबत. जखमांवर कडुलिंबाचा पाला आणि हळद वाटून लावली. तीन महिन्यांत हळद पहिल्यांदाच योग्य जागी लागली. एकेक जट सुटे तशी आतून कुत्री निघत होती, आणि ती फारच लहान होती. बरगड्या मोजता येत होत्या. डाव्या कानाची कड झडून गेली होती.

सातव्या दिवशी शेवटची जट उरली, डाव्या कानामागची. सगळ्यांत आधीची. राणी म्हणाली, "ही मी सोडवते."

तिने टोकापासून सुरुवात केली. बराच वेळ गेला. बोधिसत्त्वाला दिसत होते की ती अजून वाट पाहते आहे. एवढ्या सगळ्यानंतरही त्या गोळ्याच्या आत आपली मुलगी असेल, असे तिला वाटत होते. शेवटची बट मोकळी झाली. आत गवताचे एक कुसळ होते.

राणीने ते तळहातावर घेतले. ती म्हणाली, "नदीकाठचं आहे. त्या दिवशी दोघी गवतात लोळल्या होत्या. मी रागावले तिला. म्हणाली, आई, संध्याकाळी विंचरीन. संध्याकाळी अंग तापलं."



"तेवढं विंचरायचं राहिलं होतं तिचं," राणी म्हणाली, आणि मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा रडली. ती आक्रोश करीत नव्हती, पण थांबतही नव्हती. ते कुसळ मुठीत धरून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि तिने पुन्हा अन्न सोडले.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी वैद्याने राजापुढे मान हलवली. तेव्हा राजाच्या मनात जे तीन महिने दाबलेले होते ते उसळले, आणि राजांच्या हाताशी अशा वेळी कोणीतरी असतोच. पाते सगळ्यांनी पाहिले होते. दवंडीही सगळ्यांनी ऐकली होती. बोधिसत्त्वाला बोलावले गेले. त्याने राणीने "लाव" म्हटल्याची आठवण करून दिली नाही, कारण ते राजाने स्वतः ऐकलेच होते, आणि मग दोष आजारी राणीवर गेला असता. त्याने उजवा हात पुढे केला. त्याला फार दुखले. बोधिसत्त्व झाला तरी अंगठा अंगठाच असतो.

चौथ्या दिवशी सकाळी चवरी बिछान्यावर चढली. गळ्याखाली काही अडत नव्हते, म्हणून ती मान वळवू शकली, आणि तिने राणीची मिटलेली मूठ चाटली. राणीने मूठ उघडली. तिने कुत्रीसाठी दूधभात मागवला. कुत्रीने अर्धा ठेवला, तो राणीने खाल्ला.

मग चवरीला कुशीत घेऊन ती पायी पिंजणाऱ्यांच्या आळीत आली. कानामागचे केस पुन्हा गुंतू लागले होते, त्यासाठी तिला बारीक दातांची फणी हवी होती. बोधिसत्त्व ओसरीवर बसला होता. चित्राने फणी आणून दिली. राणीने त्याच्या हाताची पट्टी पाहिली.

"हे काय?"

"कापलं, देवी."

राणीने चित्राकडे पाहिले. चित्रा खाली मान घालून पिंजू लागली. राणीला कळले.

संध्याकाळ व्हायच्या आत राजा आला. बरोबर कोणी नव्हते. "राणी जेवली," तो म्हणाला.

"ऐकलं, महाराज."

"मी एक दिवस थांबलो असतो तर." त्याने पट्टीकडे पाहिले. "दवंडी मागे घेता येते. ही गोष्ट येत नाही."

बोधिसत्त्व म्हणाला, "मुलगी तुमचीही गेली, महाराज. राणीकडं सगळ्यांनी पाहिलं. तुमचं कोणी विंचरलं नाही."

राजा उंबऱ्यावर बसला. दिवेलागण होईपर्यंत तो तिथून उठला नाही.

बोधिसत्त्वाला पुढे फणी धरता आली नाही. चित्रा पिंजे आणि तो डाव्या हाताने लोकर पुढे सारी. राजाने धान्य पाठवले, ते त्याने घेतले. नगरीत पुन्हा एकदा दवंडी फिरली, की गुंत्याला गुंता म्हणावे. काहींनी ऐकले. चवरी आणखी दोन पावसाळे जगली. तिच्या डाव्या कानावर केस आले नाहीत. राणी रोज संध्याकाळी तिला विंचरी, आणि एकही दिवस राहू देत नसे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहाराच्या ओसरीत सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे हा भिक्खू भद्दसाल, जो आजही रागावतो आणि मग आजही स्वतःच पस्तावतो. दाई म्हणजे उपासिका नंदवती. चवरी म्हणजे परवाच मुंडन करून संघात आलेली ही चंपा. राणी म्हणजे थेरी विमलिका. आणि लोकर पिंजणारा मीच होतो."

थेरी विमलिका मागे ज्येष्ठ भिक्खुणींच्या रांगेत बसली होती. तिने हात जोडून विचारले, "भंते, आणि मुलगी?"



"तिची पुन्हा गाठ पडली नाही, विमलिके."

थेरीने मान लववली. शास्त्यांनी सभेला सांगितले की या जन्मात जो गुण पुरा झाला त्याचे नाव करुणा. आणि करुणा म्हणजे दुखणार हे माहीत असताना मुळाशी घट्ट धरून सोडवत बसणे.