गादीमागचे दिवे

“…मग ती माझ्यासमोरच तोंड का उघडत नाही, बुवा?”

विश्वंभराचा आवाज चढला होता. समुद्राकाठच्या त्या लहानशा मठात बुवांपुढे आवाज चढवायची छाती त्याच्याशिवाय कुणाची नव्हती. पट्टशिष्यच तो. पोथी मुखोद्गत, वाणी खणखणीत. येत्या पौर्णिमेला मालवणच्या नव्या मठाची गादी त्यालाच मिळायची होती.

बुवांनी अट एकच घातली होती. जयवंतीच्या मनातली गाठ सोडव, मग खुशाल जा.

जयवंतीचा मुलगा होडी घेऊन गेला तो परतलाच नव्हता. तेव्हापासून ती दर गुरुवारी मठात यायची. हल्ली बुवांच्या जागी गादीवर बसणाऱ्या विश्वंभरासमोर मान खाली घालून बसायची आणि तशीच उठून जायची.

विश्वंभराने तिला जन्ममृत्यूचं निरूपण ऐकवलं, धीर दिला, एकदा तर रागावूनही पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

बुवांनी शांतपणे विचारलं, “मासा जेवला?”

विश्वंभर ओशाळला. शहरात शोभेच्या माशांचं दुकान चालवणाऱ्या एका भक्ताने मठाला खाऱ्या पाण्याची काचपेटी दिली होती. तिच्यात नवा मासा आला होता, बोटाएवढा, पुढून पांढरा आणि शेपटीकडे निखाऱ्यासारखा लाल. आल्या दिवशी तो दगडाच्या कपारीत शिरला तो बाहेरच आला नव्हता. त्याला खाऊ घालायचं कामही विश्वंभराकडेच होतं.

“नाही जेवला. उन्हाची सवय असेल म्हणून पेटीवर मोठी ट्यूब लावली, तर आणखी आत गेला. ती काढून मंद निळा दिवा लावला, तरी तेच. जातच भित्री.”

“तू कुठं उभा राहतोस?”

“पेटीसमोर. आणखी कुठं?”

“दाखव.”

पेटी होती गादीच्या बरोबर समोर. आणि गादीमागे होते ते दिवे. गेल्या उत्सवात विश्वंभराने हौसेने बसवून घेतलेले, मूर्तीमागच्या प्रभावळीसारखे कमानीत. तेव्हा बुवा एवढंच म्हणाले होते, “देवाला कमी नाही ना पडले?” विश्वंभराला तो आशीर्वाद वाटला होता.

तो पेटीसमोर वाकून उभा राहिला. काचेत दिव्यांची कमान दिसत होती आणि कमानीच्या मधोमध त्याचा स्वतःचा चेहरा. त्याची सावली थेट कपारीवर पडली होती. मासा काही दिसत नव्हता.

बुवा उठले. गादीमागे गेले. बटण दाबलं.

…

बाहेर तिन्हीसांजा झाल्या होत्या. आत आता पेटीतला तेवढा निळा उजेड उरला. काचेतला चेहरा गेला, कपारीवरची सावलीही गेली. विश्वंभराला पहिल्यांदाच पेटीच्या आतलं दिसलं. दगड दिसला, दगडातली फट दिसली आणि फटीत दोन डोळे.

“खाली बस,” बुवा म्हणाले.

चिमूटभर दाणे पाण्यात टाकून तो जमिनीवर बसला.

…

मासा अर्धा बाहेर आला, मागे फिरला, पुन्हा आला. मग सबंध बाहेर येऊन त्याने तरंगता दाणा टिपला. विश्वंभराला इतका आनंद झाला की तो पौर्णिमाही विसरला.

दारात पावलं वाजली. गुरुवार होता. जयवंतीने अंधुक उजेडात गादी पाहिली, ती रिकामी होती. मग ती पेटीपाशी आली आणि त्याच्या शेजारीच टेकली. तीही मासा बघत राहिली.

…

“वारो होतो त्या दिवशी,” ती माशाकडे बघतच म्हणाली. “तो नको म्हणत होतो. मीच त्याका जा म्हटलंय.”

 पण विश्वंभराची सवय कुठे जाते? ओठांवर श्लोक आला आणि हा उठला. गादीवर जाऊन बसावं, चार शब्द नीट सांगावेत, म्हणून त्याचा हात दिव्यांच्या बटणाकडे गेला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

मागे जयवंती बोलतच होती.

“राहू दे,” बुवा कानाशी म्हणाले. “मासा अजून जेवतोय.”