आधी ठकूची भाकरी

तो काळा दगड ओलांडून पलीकडे बसा. त्याच्यावर टेकू नका, पिशव्या ठेवू नका, आणि फोटोसाठी लेकराला त्याच्यावर उभं करू नका. तो दगड चुलीवालीचा आहे.

वाघजाईच्या खिंडीत वरच्या तोंडाला आमच्या पाच खानावळी आहेत, या लांबट दगडाच्या मागे एका ओळीत. येणारा प्रत्येक जण एकच विचारतो. पाणी खाली, देऊळ खाली, सपाटी खाली, गाड्या लावायला जागा खाली. मग तुम्ही चुली इथे वर का मांडल्यात, जिथे वारा धड जाळ धरू देत नाही? आणि दुसरं विचारतो, आम्ही कधीचे येऊन बसलोय, तर तुम्हा बायकांचं आधी जेवायचं काय चाललंय?

मागच्या महिन्यात एकानं मोबाइलवर लिहिलं. जागा छान, चुलीवरचं अस्सल जेवण, धुरामुळे फोटो फार सुंदर येतात, पण वाढणाऱ्या बायका पाहुण्यांना ताटकळत ठेवून स्वतः आधी जेवतात, त्यांना शिस्त लावायला हवी. लेकीनं दाखवलं. मी चौथीपर्यंत शिकलेय, मला वाचता येतं. तीनदा वाचलं. ज्या धुराचे फोटो सुंदर येतात तो धूर माझ्या डोळ्यांत पंचवीस वर्षं जातोय, आणि शिस्त मला लावायची!

तेव्हापासून मी ठरवलं, जो येईल त्याला आधी गोष्ट सांगायची आणि मग भाकरी. ऊन अजून दगडावर आलेलं नाही. तोवर ऐका.

ही गोष्ट किती जुनी ते कुणाला माहीत नाही. माझ्या सासूला तिच्या सासूनं सांगितली, तिला तिच्या सासूनं. तेव्हा डांबरी रस्ता नव्हता. खालून मिठाच्या गोणी घेऊन बैलांचे तांडे चढायचे, वरून गूळ आणि धान्य घेऊन उतरायचे. खिंडीच्या पायथ्याला एकच घर होतं, हरिबाचं.

हा हरिबा ज्वानीत एकदा धुक्यात वाट चुकला होता, म्हणे. तीन दिवस जंगलात पाला चघळून काढले. चौथ्या दिवशी एक वाघीण त्याच्यापुढे चालू लागली आणि तिनं त्याला वाटेवर आणून सोडलं. ती वाघजाई होती असं सांगतात. हरिबानं देवीच्या तांदळ्यावर, त्या शेंदूर लावलेल्या दगडावर, डोकं टेकलं आणि शब्द दिला, "आई, या खिंडीतून कुणी उपाशी जाणार नाही."

शब्द चांगला होता. त्याला मी नावं ठेवत नाही. भूक काय असते ते त्यानं पाहिलं होतं. दारात येईल त्याला भाकरी, कुळथाचं पिठलं आणि वर ताकाचा तांब्या, जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. तांड्यांमध्ये हरिबाचं नाव झालं. लोक दोन मुक्काम चुकवून त्याच्या दारात यायचे, जसे तुम्ही आज कुठून कुठून वाट वाकडी करून येता. हरिबा पागोटं घालून ओट्यावर बसायचा आणि म्हणायचा, "या, बसा, पोटभर जेवा."

पण त्यानं उभ्या जन्मात एक भाकरी थापली नव्हती. नवस बोलला त्यानं, फेडत होती त्याची सून.

तिचं नाव ठकू. वरच्या अंगाच्या गावची, सोळा-सतरा वर्षांची. सासू नव्हती. त्याच चुलीपुढे तिच्याआधी सासू होती, ती कशानं गेली ते कुणी सांगत नाही. मला अंदाज आहे. ठकूला नवराही होता, पण असून नसल्यासारखा. गोष्टीत त्याचं नावसुद्धा राहिलं नाही. बरं झालं.

घरची रीत अशी, की शेवटचा वाटसरू जेवला की चुलीवालीनं जेवायचं. आता मला सांगा, खिंडीत शेवटचा वाटसरू कोणता? एक तांडा उठला की दुसऱ्याच्या घुंगरांचा आवाज येतोच. ठकू काटवटीत पीठ मळायची, थापायची, तव्यावर टाकायची, आणि पुन्हा पीठ घ्यायची. हाताला लागलेलं पीठ, तव्याला चिकटलेला करपट पापुद्रा, पिठल्याच्या भांड्याची खरवड, हे तिचं जेवण. तेही उभ्यानं. आणि ओट्यावर लोक बोटं चाटत म्हणायचे, "हरिबा, तुझ्या हाताला चव आहे!"

हरिबाच्या हाताला!

ठकूला मुलगी झाली. बाराव्या दिवशी ती पुन्हा चुलीपुढे बसली. तिसऱ्या महिन्यात अंगावरचं दूध आटलं. फाल्गुन होता, तांड्यांचा भर होता. पोर आधी रडायची, मग नुसती तोंड उघडायची. तेव्हा ठकू पहिल्यांदा ओट्यावर आली, पाहुण्यांच्या देखत.

"मामंजी, सकाळची पहिली भाकरी मला खाऊ द्या. अंगावर दूध नाही. पोरीला रडायचं पण बळ राहिलं नाही."

"नवसाचं अन्न आहे, ठके," हरिबा म्हणाला. "पाहुण्याआधी उष्टं करायचं? शेवटी उरेल ते तुझंच की."

"शेवट कधी होतो, मामंजी?"

यावर हरिबा पाहुण्यांकडे बघून हसला. "ऐकलंत का? राणीसाहेबांना आधी ताट पाहिजे!" आणि पाहुणेही हसले.

मला हरिबाचा राग येतो, पण त्या हसणाऱ्यांचा जास्त येतो. हसताना त्यांच्या तोंडात तिचीच भाकरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेतू नाईकाचा तांडा आला. शंभर बैल, तीस माणसं. ठकूनं तीस माणसांच्या भाकरी केल्या. सगळे जेवून उठले, बैलांवर गोणी चढल्या. तेवढ्यात खालच्या वळणावर आणखी घुंगरं वाजली. हरिबानं आत हाक दिली, "ठके, पीठ घे!"

ठकूनं हात धुतले. पोरीला पाठीशी बांधलं आणि बाहेर आली.

"कुठं निघालीस?"

"वर. माहेराला."

"आणि चूल कुणी बघायची?"

ती अंगणात थांबली आणि सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं बोलली, असं सांगतात. "मामंजी, या खिंडीतून कुणी उपाशी जाणार नाही असं तुम्ही आईला बोललात. माझ्या पोटात चार दिवस धड घास नाही, आणि मी चाललेय. वरचं तोंड ओलांडलं की तुमचा नवस मोडला. मी मोडला."

आणि चालू लागली. एकानंही तिला अडवलं नाही. तीस माणसं होती, आडवा हात करायचा धीर कुणाला झाला नाही.

ती पहिल्या वळणाआड गेली आणि घरातली चूल विझली. लाकडं वाळलेली होती, निखारा होता, पण फुंकून फुंकून माणसं खोकली तरी जाळ धरेना. आणि अंगणात पाठीवर गोण्या घेतलेले शंभर बैल एकदम खाली बसले. शेपट्या पिरगाळल्या, काठ्या मारल्या, एक बैल उठला नाही. देवी रागावली की जनावराला आधी कळतं, असं आमच्याकडे म्हणतात.

जेतू नाईक म्हातारा माणूस. त्यानं काठी टाकली आणि हरिबाला विचारलं, "हरिबा, तुझी सून जेवून गेली का?"

हरिबा पागोटं सारखं करू लागला.

"काल तरी जेवली होती?"

हरिबानं मान फिरवली.

तेव्हा नाईक बोलला. "आम्ही रानातली माणसं. पण बैलाच्या पोटात चारा गेल्याबिगर त्याच्या पाठीवर गोणी टाकत नाही. तू तर पोरीच्या पाठीवर आख्खी खिंड टाकलीस रं! आता माझे बैल तुझ्या दारातून उठतील कशाला? काल इथं लोक तिला हसले ते वाटेत ऐकलंय मी. त्यांच्यात मी असतो तर देवीनं माझ्याच पाठीवर गोणी टाकून मला चढवला असता."

हरिबा घाईनं ओट्यावरून उठला. नवस मोडला तर काय होईल याची भीती, की सुनेची कीव, ते देवीला ठाऊक. मला विचाराल तर आधी भीती. तो म्हणाला, "आणा एक भाकरी, मी धावत नेऊन देतो."

भाकरी नव्हती. सगळ्या खाऊन झाल्या होत्या.

"मग थापा कुणीतरी!"

घर पुरुषांनी भरलेलं. शेकडो, हजारो भाकरी खाल्लेली तोंडं. पण एकालाही एक भाकरी थापता येईना. कुणी नुसतं पाणीच ओतलं, कुणाचं पीठ काटवटीलाच चिकटलं. शेवटी हरिबानं पागोटं काढून ठेवलं आणि तो स्वतः बसला. त्यानं चुलीत फुंकर घातली तेव्हा मात्र जाळ धरला, म्हणे. पहिली भाकरी तुटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरी एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला करपलेली, पण भाकरी झाली. ती फडक्यात बांधून, पाण्याचा तांब्या घेऊन म्हातारा चढ चढू लागला. त्या चढावर तो धापा टाकत तीनदा बसला. ज्या वाटेला तो दुसऱ्यांना हसत लावायचा, ती वाट तो कित्येक वर्षांनी चढत होता.

ठकू इथे होती. याच दगडावर. याच्यापुढे खिंड संपते. एक पाऊल टाकलं असतं तर नवस मोडला असता.

ती का थांबली? खालचे पुजारी सांगतात, देवीनं तिला कुळाची लाज राखायची बुद्धी दिली. काही बुद्धीबिद्धी नाही. चार दिवसांची उपाशी बाळंतीण पाठीवर पोर घेऊन एवढा चढ चढून आली होती, तिच्या पायांत बळ राहिलं नव्हतं. जिथे बळ संपलं तिथे बसली. यात चमत्कार शोधू नका. चमत्कार बैलांचा.

हरिबानं फडकं उघडून पुढे केलं. ठकूनं भाकरीकडे बघितलं.

"कुणी केली?"

"मी."

"दिसतंयच," ती म्हणाली. मग दगडावर सरळ बसली. "पाणी ओता, मामंजी."

आणि हरिबानं सुनेच्या हातावर पाणी ओतलं. ती सावकाश जेवली. करपलेली बाजूही टाकली नाही. ती जेवत होती तोवर म्हातारा उन्हात उभा होता. तिनं त्याला बस म्हटलं नाही. शेवटचा घास पोटात गेला आणि खालून शंभर बैलांच्या घंटा एकदम वाजल्या. बैल उठले होते.

"चल पोरी, आता घरी," हरिबा म्हणाला.

"खाली मी येणार नाही," ठकू म्हणाली. "नवस चांगला आहे, तो मोडत नाही. पण आजपासून तो माझा. चूल मी इथे मांडीन. या खिंडीतून कुणी उपाशी जाणार नाही, पण सुरुवात माझ्यापासून."

तिनं तीन दगड लावले. म्हणून आमच्या चुली इथे वर आहेत, वाऱ्यात. संध्याकाळपर्यंत तिला पान्हा फुटला, आणि पोर जगली. तिच्या शेजारची दुसरी चूल पुढे त्याच पोरीनं मांडली. आम्ही पाचही जणी तिच्याच वेलीवर आलेल्या सुना. हरिबा मरेपर्यंत रोज सकाळी चढून यायचा आणि ठकूची पहिली भाकरी थापायचा. शेवटपर्यंत त्याला ती गोल जमली नाही, असं सांगतात.

आता खाली देवळापाशी कमिटीनं मोठा बोर्ड लावलाय, तुम्ही येताना वाचला असेल. "अन्नदाते हरिबा यांची पुण्यभूमी." मी गेले होते विचारायला. म्हटलं, ठकू कुठे आहे? तर म्हणाले, "मावशी, बोर्डावर जागा संपली." कमिटीतल्या चौदा जणांची नावं बापाच्या नावासकट मावली. तिची दोन अक्षरं मावली नाहीत. मी त्यांना म्हटलं, यापुढे जेवायला वर आलात तर बोर्डच खा. अजून आलेले नाहीत.

आजही ऊन दगडावर आलं की पाचही घरचा पुरुष चुलीपुढे बसतो आणि पहिली भाकरी थापतो. पोराला भाकरी थापता आल्याबिगर आमच्या खिंडीत त्याला मुलगी देत नाहीत. ते बघा, आमचे मालक बसले. पंचवीस वर्षं ट्रक चालवला, घाटातलं प्रत्येक वळण पाठ आहे, पण भाकरी अजून कधी गोल झाली नाही. ती वेडीवाकडी भाकरी मी खाणार. आम्ही पाच जणी या दगडावर ओळीनं बसतो आणि पोटभर खातो. घाई करत नाही. आलेल्या पाहुण्यानं उठून आमच्या हातावर पाणी ओतायचं. ज्याला हे करायचं नसेल त्याच्यासाठी खाली फाट्यावर हॉटेलं आहेत, तिथे खुर्च्या पण आहेत.

मग आम्ही उठतो, पदर खोचतो आणि वाढायला घेतो. पहिलं ताट कुणाला द्यायचं ते आम्ही ठरवत नाही. आम्ही विचारतो, तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं? लोक हसतात. मग माना वळतात, आणि सगळ्या एकाच बाईकडे वळतात. ती म्हणते, "अहो नको, आधी यांना वाढा, मी नंतर बसते." मी ऐकत नाही. ताट तिच्यापुढेच ठेवते, आणि तिचा पहिला घास पोटात गेल्याशिवाय दुसरं ताट उचलत नाही. नवरा असो, साहेब असो, भुकेलं पोर असो. तेवढा वेळ बाकीच्यांनी बघत बसायचं. बघण्यासारखंच असतं ते. किती जणींना गरम भाकरी कशी लागते तेच आठवत नसतं.

चला, ऊन आलं. तांब्या त्या कोनाड्यात आहे. उठा एक जण, पाणी ओता. आणि तोवर ठरवून ठेवा, तुमच्यात शेवटी कोण जेवतं?